‘कळत-नकळत’ म्हटले की माफी पुरी होते का?

वाचकाचे पत्र (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, संक्षेपाने)

गेली नऊ वर्षे मी एका ध्यान-अभ्यास गटात आहे आणि चार वर्षांपासून त्याच्या पाच जणांच्या कार्यकारी समितीत काम करते. आमचे ज्येष्ठ मार्गदर्शक व्यासंगी आणि निरलस आहेत. ध्यानाला कसे बसावे हे मी त्यांच्याकडूनच शिकले आणि माझ्या आयुष्यातील सर्वांत कठीण काळात त्यांनीच मला सावरले. मागच्या निवासी शिबिरात, एका तरुण साधिकेने त्यांना एकांतात सांगितलेली अतिशय खासगी गोष्ट त्यांनी प्रवचनात अहंकाराचे उदाहरण म्हणून सांगितली. नाव घेतले नाही, पण ती कोण हे सगळ्यांना कळले. तिने उभे राहून हरकत घेतली, तेव्हा ‘हे तू बोलत नाहीस, तुझी आसक्ती बोलते आहे’ असे ते सर्वांसमोर म्हणाले. ती त्याच दिवशी निघून गेली आणि परत आली नाही. नंतर आणखी दोघींनी आपल्याबाबतही असेच घडल्याचे कळवले. त्यांतील एकीने दोन वर्षांपूर्वी मला तसे सांगितले होते, पण ‘त्यांचा हेतू समजून घे’ असे म्हणून मी तिची समजूत घातली होती. आता मार्गदर्शकांनी एका सत्संगात ‘कळत-नकळत कोणाचे मन दुखावले गेले असेल तर क्षमा असावी’ असे म्हटले आहे. काहींच्या मते विषय तिथेच संपला, तर काहींना त्यांना पदावरून दूर करायला हवे आहे. त्या तरुण साधिकेला आणि मार्गदर्शकांना समोरासमोर बसवून समेट घडवावा, असे समितीने ठरवले आहे. दोघांचाही माझ्यावर विश्वास असल्याने ती बैठक मी चालवावी, असे सर्वांचे म्हणणे आहे. पश्चात्ताप झालेल्या माणसाला पुन्हा जाब विचारणे करुणेत बसते का? आणि ही बैठक मी घ्यावी का?

उत्तर

तुमचे पत्र मी अनेकदा वाचले. त्यातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे आणि त्याकडे मी येणार आहे. पण आधी सत्संगातल्या त्या क्षमायाचनेविषयी बोलू, कारण तुमचा पहिला प्रश्न तिच्यावरच उभा आहे. पश्चात्ताप झाला आहे, हे तुम्ही गृहीत धरले आहे. ते खरेही असेल; दुसऱ्याच्या मनात काय चालले आहे हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पण तुम्ही उद्धृत केलेल्या शब्दांत मात्र तो पश्चात्ताप दिसत नाही. ‘कळत-नकळत’ या शब्दाने ती कृती जाणूनबुजून झाली की अजाणता, हा प्रश्न मोकळा सोडला आहे. ‘कोणाचे’ या शब्दात ती मुलगी कुठेच नाही. ‘असेल तर’ म्हटल्यामुळे इजा झाली हेदेखील अजून मान्य झालेले नाही. आणि ‘दुखावले गेले’ या रचनेत दुखावणाराच वाक्यातून नाहीसा झाला आहे. ज्या साधिकेचे गुपित सगळ्यांसमोर उघडे पडले, तिच्या कानावर हे वाक्य गेले असेल तर ते तिला कसे लागले असेल, याचा थोडा वेळ विचार करून पाहा.

हे शब्द मुळात वाईट आहेत असे मला म्हणायचे नाही. निरोप घेताना किंवा एखादे मोठे काम पार पडल्यावर, कोणाची विशिष्ट तक्रार समोर नसताना, ते नम्रतेचेच शब्द असतात. जैन परंपरेत पर्युषणाच्या निमित्ताने सर्व जीवांची क्षमा मागितली जाते, तीही अशीच व्यापक असते. पण त्याच परंपरेतील तत्त्वार्थसूत्रात प्रायश्चित्ताचे जे नऊ प्रकार सांगितले आहेत, त्यांत पहिला क्रम आलोचनेचा आहे, म्हणजे आपला दोष गुरूसमोर आडपडदा न ठेवता सांगण्याचा. ज्यू परंपरेतील मिश्ना हा ग्रंथ याहून थेट बोलतो. योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस माणूस आणि ईश्वर यांच्यातील अपराध धुऊन काढतो, पण माणसामाणसांतला अपराध तो दिवस धूत नाही, जोपर्यंत ज्याला दुखावले त्याची समजूत काढलेली नाही. तुमच्या मार्गदर्शकांनी क्षमा गटाकडे मागितली. ती एका व्यक्तीकडे मागायची होती, आणि ती व्यक्ती त्या सभागृहात नव्हती.

आता करुणेकडे येऊ. करुणा आणि जाब ही तराजूची दोन पारडी आहेत, एक खाली गेले की दुसरे वर जाते, असे चित्र तुमच्या पत्रात आहे. आध्यात्मिक गटांत काम करणाऱ्या बहुतेकांच्या मनात ते असते. बौद्ध भिक्षूंचे नियम सांगणाऱ्या विनयपिटकातील चुल्लवग्ग या भागात एक प्रसंग आहे. सुधम्म नावाच्या भिक्षूने चित्त नावाच्या गृहस्थाचा अपमान केला. भिक्षू संघातला, चित्त गृहस्थ. म्हणजे मान आणि अधिकार कोणाकडे अधिक होता हे उघड आहे. तरीही संघाने ठरवले, की सुधम्माने परत जाऊन त्या गृहस्थाची क्षमा मागावी. तो गेला, पण तिथे पोहोचल्यावर लाजेने त्याचे पाऊल पुढे पडेना आणि तो क्षमा न मागताच परतला. इथे संघाने त्याला ‘जाऊन आलास हेच पुष्कळ’ म्हणून मोकळे केले नाही आणि हाकलूनही दिले नाही. त्याच्याबरोबर एक सोबती भिक्षू दिला आणि त्याला पुन्हा पाठवले. माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्या सोबत्यात आहे. माफी मागायचे काम सुधम्माचेच राहिले, त्यातून त्याची सुटका झाली नाही. पण ते त्याला एकट्याने करावे लागले नाही.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या सत्ताविसाव्या प्रकरणातही हीच समज दिसते. दोषामुळे ज्याला सामूहिक जीवनापासून काही काळ दूर ठेवले आहे, त्या बंधूकडे मठाधिपतीने शहाण्या, वयस्क बंधूंना गुपचूप पाठवावे, त्यांनी त्याला धीर द्यावा आणि नम्रपणे दोष सुधारण्याकडे वळवावे, असे तिथे सांगितले आहे. दूर ठेवण्याचा निर्णय तसाच राहतो आणि मायाही तशीच राहते. तुमच्या समितीत जे ‘आता पुरे’ म्हणतात आणि जे ‘काढून टाका’ म्हणतात, त्या दोघांनीही या माणसाजवळ बसण्याचे कष्ट टाळले आहेत, असे मला वाटते.

शांततेविषयीही तुमच्या गटाची एक समजूत आहे, की भांडण ऐकू येत नाही म्हणजे सौहार्द आहे. विनयपिटकाच्याच महावग्ग या भागात याच समजुतीची कथा आहे. कोसल देशात काही भिक्षूंनी वर्षावास, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहण्याचा काळ, एकोप्याने पार पडावा म्हणून आपसांत अजिबात न बोलण्याचे ठरवले. तीन महिने कोणाचा कोणाशी वाद झाला नाही. ते आनंदाने बुद्धांकडे आले आणि आपण किती सुखाने राहिलो ते त्यांनी सांगितले. बुद्धांनी त्यांचे कौतुक केले नाही. हे पशूंसारखे एकत्र राहणे झाले, असे ते म्हणाले आणि त्यांनी पवारणेचा विधी घालून दिला: वर्षावासाच्या शेवटी प्रत्येक भिक्षूने संघाला विनंती करावी, की माझ्याबाबत जे पाहिले, ऐकले किंवा ज्याची शंका आली, ते करुणेपोटी मला सांगा, म्हणजे मी सुधारेन. या विनंतीत ज्येष्ठांना सूट नाही. उलट ज्येष्ठ भिक्षू आधी बोलतो. तुमच्या गटात गेल्या अनेक वर्षांत मार्गदर्शकांनी अशी विनंती कोणाला केली आहे का? आणि केली असती, तर प्रामाणिक उत्तर देण्याची हिंमत कोणाला झाली असती का? हे दोन प्रश्न तुम्ही समितीपुढे ठेवावेत असे मी मनापासून सुचवते.

तिच्या आक्षेपाला मिळालेल्या उत्तराविषयी मला थोडे कठोर व्हावे लागेल. आसक्ती, अहंकार, प्रतिक्रिया, कर्म हे शब्द आपण स्वतःला तपासण्यासाठी शिकतो. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने ते शब्द तक्रार करणाऱ्याकडे वळवले, की साधनेची सगळी भाषा एका क्षणात ढाल होऊन बसते. मग तक्रारदाराने काहीही म्हटले तरी ते तिच्या दोषाचाच पुरावा ठरते: रडली तर आसक्ती, रागावली तर द्वेष, निघून गेली तर साधना कच्ची. मानसशास्त्रज्ञ जॉन वेलवुड यांनी १९८० च्या दशकात, मनातले जुने दुखणे हाताळण्याऐवजी अध्यात्माच्या आधाराने त्याला वळसा घालण्याच्या सवयीला नाव दिले होते. तुमच्या शिबिरात जे घडले ते त्याच्याही पुढचे आहे, कारण तिथे दुसऱ्याच्या दुःखाला वळसा घातला गेला. तिने जे सांगितले ते खरे होते की नाही, एवढाच प्रश्न तेव्हा विचारायला हवा होता. गुपित उघड केले गेले होते, म्हणून ते खरे होते.

आता बैठकीचा विषय. तुमच्या समितीला जे सुचले आहे त्यामागे एक चांगली परंपरा आहे आणि तिचे मूळ धर्मसमुदायाशी जोडलेले आहे, हे तुम्हाला कदाचित आवडेल. १९७४ मध्ये कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात, एल्मायरा या गावी, दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. परिवीक्षा अधिकारी (शिक्षेऐवजी देखरेखीखाली सोडलेल्यांवर लक्ष ठेवणारे) मार्क यान्त्सी आणि मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या सेवाकार्यातले त्यांचे सहकारी यांनी न्यायाधीशांना सुचवले, की या मुलांनी ज्यांचे नुकसान केले त्यांच्या दारी जाऊन त्यांना भेटावे. न्यायाधीशांनी ते मानले. मुले घरोघर गेली, लोकांचे ऐकून घेतले आणि भरपाई केली. पुढे न्यूझीलंडमध्ये १९८९ च्या कायद्याने अल्पवयीनांच्या गुन्ह्यांसाठी कुटुंब-बैठकांची पद्धत आणली, आणि तिच्यामागे माओरी समाजाने मांडलेला आग्रह होता. शिक्षेपेक्षा झालेली इजा भरून काढण्यावर भर देणाऱ्या या विचाराचे एक आद्य अभ्यासक हॉवर्ड झेर यांनी त्याचे सार तीन साध्या प्रश्नांत मांडले आहे: इजा कोणाला झाली, त्यांना कशाची गरज आहे, आणि ती गरज भागवण्याचे दायित्व कोणाचे आहे.

तुमच्या समितीने यातला एकही प्रश्न अजून विचारलेला नाही. तिने थेट शेवटचे पान उघडले आहे. समोरासमोरची भेट ही या मार्गातली पहिली पायरी नसते, आणि अनेकदा ती होतच नाही. लॉरेन्स शर्मन आणि हेदर स्ट्रँग यांनी २००७ मध्ये अशा भेटींच्या प्रयोगांचा मोठा आढावा घेतला. अपराध्याला भेटलेल्या पीडितांच्या मनावरील आघाताची लक्षणे कमी झाल्याचे त्यांना आढळले. पण ते लोक स्वेच्छेने आले होते, आणि त्या भेटी प्रशिक्षित व्यक्तींनी, आधी तयारी करून घडवल्या होत्या. तुमच्या इथे तर त्या साधिकेला कोणी विचारलेले नाही. तिला भेटायचे आहे का, हे ठाऊक नसताना समेटाची बैठक ठरवणे म्हणजे तिच्या नावाने दुसऱ्यांदा परस्पर निर्णय घेणे होय. पहिल्यांदा तिची गोष्ट तिला न विचारता वापरली गेली. आता तिची क्षमा तिला न विचारता वापरली जाईल.

मी हे अनुभवाने बोलते आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी, मी ज्या अभ्यासवर्गात जात होते तिथे अशीच एक बैठक भरली, आणि ती घडवून आणण्यात माझा पुढाकार होता. सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली, दोन्ही बाजूंना समान वेळ दिला, शेवटी ज्येष्ठांच्या डोळ्यांत पाणी आले आणि दुखावलेल्या व्यक्तीने त्यांना नमस्कार केला. आम्ही समाधानाने घरी गेलो. तो नमस्कार तिला करावाच लागला होता, खोलीतल्या पंधरा जणांच्या नजरा तिच्याकडून तेवढीच एक गोष्ट मागत होत्या, हे तिने मला पुष्कळ उशिरा सांगितले. समान वेळ देणे ही समानता नव्हती, हे मला तेव्हा कळले नाही. बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानात, अपराध करणाऱ्या बंधूकडे आधी एकट्याने जावे, मग एकदोघांना घेऊन जावे आणि त्यानंतरच मंडळीला सांगावे, असा क्रम आहे. बरोबरीच्या माणसांत तो फार उपयोगी पडतो. पण जिथे एक जण गुरुस्थानी आहे आणि दुसरी त्याच्यापुढे बसून शिकते, तिथे ‘आधी तूच जाऊन त्यांच्याशी बोल’ हा सल्ला दुर्बळाच्या डोक्यावर सगळे ओझे ठेवतो.

आता त्या वाक्याकडे वळते. दोन वर्षांपूर्वी एक साधिका तुमच्याकडे आली होती आणि तुम्ही तिला मार्गदर्शकांचा हेतू समजून घ्यायला सांगितले. तुम्ही हे पत्रात लपवले नाही, ही तुमच्या प्रामाणिकपणाची खूण आहे आणि म्हणूनच मी स्पष्ट लिहिते. या प्रकरणात तुम्ही मध्यस्थ होऊ शकत नाही. मार्गदर्शकांचे तुमच्यावर ऋण आहे, ते तुमचे गुरू आहेत आणि संकटात ते तुमच्या पाठीशी उभे राहिले. एवढे कारणही पुरेसे होते. पण त्याहून मोठे कारण असे, की जे घडले त्यात तुमचाही वाटा आहे. तेव्हा ऐकले गेले असते, तर कदाचित शिबिरातली घटना टळली असती. मी ‘कदाचित’ म्हणते, कारण खात्रीने सांगता येत नाही, आणि या एका शब्दापायी तुम्ही स्वतःला रात्ररात्र छळावे असेही मला वाटत नाही. तरीही दायित्वाचे वर्तुळ आखताना त्यात मार्गदर्शक एकटे नसतील. समिती असेल, तुम्ही असाल, आणि त्या दिवशी सभागृहात खाली मान घालून बसलेले सगळे असतील. दोघांचा तुमच्यावर विश्वास आहे, असे समिती म्हणते. त्या तरुण साधिकेचा विश्वास आहे, हे तिला कोणी विचारले?

म्हणून मी सुचवते ते असे. ठरलेली बैठक आधी रद्द करा, पुढे ढकलू नका. पुढे ढकललेल्या बैठकीचे दडपण तसेच राहते. नंतर गटाबाहेरची, मार्गदर्शकांशी शिष्यत्वाचा किंवा आर्थिक संबंध नसलेली आणि अशा संवादाचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्ती शोधा. एकाऐवजी दोघे असतील तर अधिक चांगले, आणि त्यांत एक स्त्री असावी. तिन्ही साधिकांना वेगवेगळे लेखी कळवा, की त्यांचे म्हणणे ऐकायला गट तयार आहे, कोण ऐकणार आहे, ऐकलेले कोणाकोणाला सांगितले जाईल, आणि त्यांनी उत्तर न देण्याचे ठरवले तरी त्यांचा मान कमी होणार नाही. हे पत्र लहान असावे. त्यात करुणा, क्षमा, एकत्व हे शब्द नसावेत. ते शब्द सध्या त्यांच्यासाठी जखमेजवळचे आहेत.

हे चालू असेपर्यंत मार्गदर्शकांनी प्रवचने आणि एकांतातील मार्गदर्शन थांबवावे. यावर तुमच्या गटात सर्वाधिक वाद होईल, म्हणून कारण नीट सांगते. ही शिक्षा नाही, दोष ठरवणारा निकालही नाही. ज्या कृतीबद्दल तक्रार आहे ती एकांतातील विश्वास आणि व्यासपीठ या दोन गोष्टींतून घडली, आणि ऐकण्याचे काम पूर्ण होईपर्यंत त्या दोन्ही गोष्टी बाजूला ठेवणे एवढाच याचा अर्थ आहे. मार्गदर्शकांना खरोखर पश्चात्ताप झाला असेल, तर ही गोष्ट त्यांनी स्वतःहून सुचवण्याची संधी त्यांना द्या. त्यांनी ती सुचवली, तर सत्संगातल्या त्या वाक्यापेक्षा ती कितीतरी अधिक बोलकी असेल.

त्या साधिकांना काय हवे असेल, हे मी गृहीत धरणार नाही आणि तुम्हीही धरू नका. कोणाला फक्त एवढेच हवे असते, की जे घडले ते घडले, असे ज्या सभेपुढे अपमान झाला त्याच सभेपुढे स्पष्ट सांगितले जावे. कोणाला त्या प्रवचनाचे ध्वनिमुद्रण नष्ट झालेले पाहायचे असते. (ध्वनिमुद्रण असेल तर ते सर्वांत आधी इतरांच्या हातातून काढून घ्या, पण तिला विचारल्याशिवाय पुसू नका, तिला ते पुरावा म्हणून लागू शकते.) कोणाला गटात परत यायचे असते, कोणाला गटाचे नावही नको असते. आणि कोणाला क्षमा करायची नसते. बाराव्या शतकातील ज्यू विचारवंत मायमोनिडीझ यांनी लिहिले आहे, की दुखावलेल्याने क्षमा नाकारली तर तीन मित्रांना घेऊन पुन्हा जावे, आणि असे तीनदा करावे. अपराध्याने किती कष्ट घ्यावेत याचे ते सुंदर माप आहे. पण एवढे होऊनही जो क्षमा करत नाही तो स्वतः दोषी ठरतो, असे ते पुढे म्हणतात, तिथे मात्र मी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. जिथे विश्वास आणि अधिकार यांचाच गैरवापर झाला आहे तिथे क्षमेला मुदत घालता येत नाही, आणि तिची वसुली करण्याचा हक्क गटाला तर मुळीच नाही.

त्याच मायमोनिडीझ यांची दुसरी एक गोष्ट मात्र तुमच्या समितीने जवळ ठेवावी. संपूर्ण पश्चात्ताप कोणाचा, असे विचारून ते सांगतात, की तोच प्रसंग पुन्हा आला, तसे वागण्याची शक्ती अजून अंगात आहे, आणि तरीही जो तसे वागत नाही त्याचा. म्हणून सुधारणा शब्दांत मोजू नका. एकांतात सांगितलेली गोष्ट, नाव वगळूनही, संमतीशिवाय उदाहरण म्हणून वापरायची नाही, हा नियम लेखी करा आणि तो प्रत्येक मार्गदर्शकाला लागू करा. तक्रार कोणाकडे करायची, ती व्यक्ती मार्गदर्शकांची शिष्य नसावी, आणि किती दिवसांत उत्तर मिळेल, हे नव्या साधकाला पहिल्याच दिवशी कळू द्या. मार्गदर्शकांनी जे कबूल केले ते तारखांसह लिहा आणि सहा महिन्यांनी, नंतर वर्षाने, त्याचा आढावा घ्या.

आणि या सगळ्या काळात सुधम्माला दिला तसा सोबती त्यांना द्या. तो त्यांची बाजू लढवणारा नको, त्यांच्यावर पाळत ठेवणाराही नको. प्रवचने थांबल्यावर येणारी पोकळी मोठी असते. वर्षानुवर्षे ज्याला सगळे ऐकत आले, त्याला स्वतःबद्दल काही ऐकून घेणे फार जड जाते. त्यांच्याजवळ बसून ‘तुम्ही असे म्हणालात तेव्हा तिच्यावर काय बेतले असेल?’ असा प्रश्न पुन्हा पुन्हा, न रागावता विचारू शकणारा कोणीतरी हवा. तुमचे त्यांच्यावर प्रेम आहे, म्हणून हे काम तुम्ही करावे असे तुम्हाला वाटेल. नंतर कधीतरी जरूर करा, पण आत्ता ते दुसऱ्याला करू द्या.

त्यांनी नकार दिला तर? ते म्हणू शकतात, की मी माफी मागितली आहे, आता हे राजकारण चालले आहे. मग समितीला त्यांना मार्गदर्शक पदावरून दूर करावे लागेल आणि त्याचे कारण सदस्यांना, साधिकांची ओळख न देता, खरे सांगावे लागेल. ‘प्रकृतीच्या कारणाने विश्रांती’ असे लिहू नका. गट मोडेल, अशी भीती तुमच्या सहकाऱ्यांना वाटेल. त्यांना लार्श या संस्थेविषयी सांगा. बौद्धिक अक्षमता असलेल्या आणि नसलेल्या माणसांनी एकत्र राहावे यासाठी १९६४ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झालेल्या या समुदायाचे संस्थापक जाँ व्हानिए यांना जगभर संत मानले जात होते. त्यांच्या निधनानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, संस्थेने स्वतः बाहेरच्या संस्थेकडून करवून घेतलेल्या चौकशीचे निष्कर्ष जाहीर केले: व्हानिए यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आडून किमान सहा महिलांचे लैंगिक शोषण केले होते. संस्था तिथेच थांबली नाही. तिने आणखी अभ्यास करवला आणि २०२३ मध्ये अशा महिलांची संख्या किमान २५ असल्याचे जाहीर केले. तिची घरे आजही चालू आहेत. तुमच्या प्रकरणाची त्याच्याशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. सर्वांत पूज्य व्यक्तीविषयीचे सत्य स्वतः सांगूनही समुदाय उभा राहू शकतो, एवढेच मला दाखवायचे आहे.

हे पत्र इतर गटांतील लोकही वाचतील, म्हणून एक गोष्ट निःसंदिग्धपणे लिहिते. शारीरिक किंवा लैंगिक अत्याचार, मुलांशी गैरवर्तन, धमकी किंवा पैशांची अफरातफर असेल, तर अशा संवादाच्या बैठका ही पहिली वाट नाही. तिथे आधी पीडित व्यक्तीची सुरक्षितता, वैद्यकीय मदत आणि पोलीस. गटाने अंतर्गत चौकशीच्या नावाखाली तो मार्ग एक दिवसही अडवू नये. आपापसांत मिटवण्याची भाषा तिथे पुराव्याचा आणि माणसाचा नाश करते. तुमच्या इथे बाहेरची व्यक्ती त्या तिघींचे ऐकेल तेव्हा पत्रात न आलेले असे काही पुढे आले, तर तत्काळ हाच नियम लागू होईल.

आता तुमच्यासाठी उरलेले काम. समितीचे पत्र जाईल तेव्हा जाईल. त्याआधी तुम्ही स्वतःच्या नावाने, दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे आलेल्या त्या साधिकेला चार ओळी लिहा. ‘तू मला सांगितलेस तेव्हा मी तुझे ऐकायला हवे होते. मी त्यांचा हेतू समजावत बसले आणि तुला काय झाले हे विचारले नाही. ती माझी चूक होती.’ ‘असेल तर’ घालू नका. तुमच्यावर त्या वेळी कोणते दडपण होते, मार्गदर्शकांनी तुम्हाला कसे सावरले होते, हे त्यात आणू नका. ते खरे आहे, पण ते ऐकून घेणे तिचे काम नाही. भेटायला बोलावू नका आणि शेवटी उत्तराची अपेक्षाही लिहू नका. पत्र पाठवल्यावर पुढचे काही आठवडे फोन वाजला नाही, तर समितीतल्या कोणाकडेही तिची चौकशी करू नका.